शेगडीचा जीर्णोद्धार

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जो भूभाग खारपाणपट्टा या नावाने ओळखला जातो आणि जो अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला आहे, त्याच्या उत्तरेकडील कडेला, सातपुड्याच्या पायथ्याखाली संग्रामपूर वसलेले आहे. तालुक्याच्या डोंगराकडील अंगाला, सोनाळ्याच्या बाजूस, विहिरींना गोडे पाणी लागते आणि त्यावर संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. परंतु तेथून दक्षिणेकडे, पूर्णेच्या रोखाने, जसजसे उतरत जावे तसतसे जमिनीखालचे पाणी खारट होत जाते, आणि अखेरीस अशी गावे लागतात की जेथे पाहुण्याच्या हाती तांब्या देताना पाणी गोडे आहे हे घरधनीण आवर्जून सांगते. या पाण्याने माणसांच्या मूत्रपिंडांवर जो घाला घातला त्याविषयी पुष्कळ लिहून आले आहे, आणि वान प्रकल्पाचे पाणी नळाने आणणारी १४० गावांची योजना जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांसाठी करावी लागली तीही त्याचपायी. मात्र त्याच पाण्याने स्वयंपाकघरातील लोखंडाची, पितळेची आणि पोलादाची जी दुर्दशा चालवली आहे तिचा दाखला कोणत्याही सरकारी दप्तरात सापडायचा नाही. ती माहिती हवी असेल तर गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडेच जावे लागते.

संग्रामपूरच्या बाजारातील अशाच एका मिस्त्रींच्या कामाजवळ बसून मी जे पाहिले ते येथे मांडत आहे. दुकान म्हणजे टिनाचे छप्पर, पुढे लाकडी ओटा, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले बर्नर आणि नळ्यांची वेटोळी, एवढाच पसारा. मिस्त्री आत न बसता नेहमी दाराच्या चौकटीतच, जमिनीलगत वारा खेळता राहील अशा बेताने बैठक मांडतात, आणि त्यामागे सवयीपेक्षा शास्त्र अधिक आहे. आपल्या टाकीतला वायू हा प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असून तो हवेपेक्षा जड असतो. निसटला की वर न जाता तो जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. त्याला स्वतःचा वास नाही. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा, धोक्याची वर्दी मिळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला.

त्या दिवशी ओट्यावर आलेली शेगडी पातुर्ड्याच्या बाजूच्या एका खेड्यातील वृद्ध बाईंची होती. दोन बर्नरांची, पत्र्याच्या अंगाची, वर एकेकाळी फिकट निळा रंग असलेली आणि खाली चार रबरी पायांपैकी तीनच उरलेली. नवी शेगडी सहज मिळते, उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून तर खेड्यापाड्यांतूनही ती पोहोचली आहे, मग ही कशासाठी, असे मी बाईंना विचारले. त्यांनी उत्तरादाखल शेगडीवरची जाळी उचलून माझ्या हाती दिली. ती बिडाची होती, हाताला जड लागत होती. "याच्यावर वांगं भाजते बापू," त्या म्हणाल्या, "नव्या शेगडीच्या काड्यायवर ते गडगडते." वांगे आचेवर भाजून भरीत करणाऱ्या मुलखात शेगडीची परीक्षा याच कसोटीवर व्हावी हे मला सर्वस्वी रास्त वाटले.

आपल्याकडे स्वयंपाकाच्या गॅसचा इतिहास तसा फार जुना नाही. बर्मा शेल कंपनीने १९५५ साली मुंबईत 'बर्शेन' या नावाने तो घरगुती वापरासाठी आणला, १९६५ मध्ये कलकत्त्यात 'इण्डेन' आला, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तो शहरातील मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरापुरताच राहिला. वऱ्हाडातील चूल त्या काळात पऱ्हाटीवर आणि तुऱ्हाटीवर चालत असे, आणि कापसाचे व तुरीचे शेत उलंगले की त्या वाळल्या काड्यांचे भारे अजूनही घराच्या मागे रचले जातातच. म्हणूनच येथील पुष्कळ शेगड्यांचे आयुष्य सलग नसते. टाकी भरून आणायला पैसा असला की शेगडी पेटते. नसला की ती कोपऱ्यात जाते आणि चूल पेटते. मिस्त्रींच्या मते शेगडी वापरण्याने जेवढी झिजत नाही तेवढी ती पडून राहण्याने बिघडते, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे पुढे तासाभरातच दिसून आले.

काम सुरू झाले ते हत्याराने नव्हे, नजरेने. मिस्त्रींनी शेगडी उजेडात धरली आणि सर्वांत आधी पाहिली ती तिची दोन बटणे, म्हणजे बर्नर चालू-बंद करावयाच्या त्या काळ्या मुठी. मला वाटले होते की बटणांचा रंग हा अगदी शेवटचा, शोभेचा मामला असेल. परंतु मिस्त्रींच्या लेखी तो पहिला पुरावा होता. डाव्या बटणाचे तेज सारखेच गेलेले होते, ते सगळीकडून राखी-तपकिरी झाले होते. उजव्याचा मात्र आतला, शेगडीच्या अंगाकडचा काठ तेवढाच फुगून वितळलेला होता. "हे उन्हानं नाही झालं," ते म्हणाले. "इथं मागून जाळ आला." बटणाच्या पाठीमागे कधीही जाळ असता कामा नये, तेथे तो आला याचा अर्थ बर्नरपर्यंत जायचा वायू वाटेत अडला आणि मागे फिरून जेथे फट सापडली तेथे पेटला. तेव्हा ते बटण नुसते रंगवून दिले असते तर त्या बाईंच्या हाती एक देखणा धोका दिला असता. बाह्य रंग का गेला हे ज्याला सांगता येत नाही त्याने तो पुन्हा देण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे मत या एका बटणावरून बनले, आणि पुढे जे जे पाहिले त्याने ते दृढच होत गेले.

शेगडी उलटी करून तिच्या पोटातील नळ्या सोडवल्या गेल्या. येथे या साऱ्या यंत्राचे मर्म सांगितले पाहिजे. रेग्युलेटरमधून निघणाऱ्या वायूचा दाब फारच अल्प, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे फूटभर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. माणूस तोंडाने फुंकर मारूनही याहून अधिक दाब निर्माण करू शकतो. एवढ्याशा दाबाचा वायू पितळेच्या जेटमधील, मिलिमीटरहूनही बारीक असलेल्या छिद्रातून बाहेर पडताना वेग धारण करतो, आणि त्या वेगाच्या ओढीने जेटच्या तोंडाशी ठेवलेल्या उघड्या झरोक्यातून हवा आपण होऊन आत खेचली जाते. पुढच्या रुंद नळीत दोघांचे मिश्रण होते आणि तेच मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून निळ्या ज्योतीने जळते. हे तत्त्व जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांच्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास सिद्धीस गेले, आणि तेव्हापासून आजपर्यंत स्वयंपाकघरातल्या कोणत्याही गॅसच्या शेगडीत, मग ती संग्रामपूरची असो की परदेशातील अंगणात मांस भाजण्याच्या जाळीखालची असो, त्यात मूलतः काही फरक पडलेला नाही.

उजव्या बर्नरची मिश्रणनळी मिस्त्रींनी ओट्यावर उभी करून आपटली. काहीच पडले नाही. मग त्यांनी आत तार घातली, ती निम्म्यावरच अडली, आणि जोर देताच नळीतून वाळल्या मातीचा एक लांबट, आतून पोकळ पुंजका बाहेर आला, त्यात कोळ्याची सुकलेली कलेवरे होती. कुंभारीण माशीचे ते घर. पावसाळ्यात शेगडी कोपऱ्यात पडून असता या माशीला तिच्या पिलांसाठी ही अरुंद, अंधारी व कोरडी नळी सापडली होती, आणि नियमाप्रमाणे तिने मातीच्या कोठडीत कोळी भरून तोंड लिंपून टाकले होते. पुढे टाकी जोडली गेली तेव्हा वायू त्या मातीवर आदळून झरोक्याकडे परतला, आणि बटणामागचा जाळ हा त्याचाच. नळ्यांत कोळ्यांनी जाळी विणण्याचा प्रकार तर सर्वत्रच आढळतो. म्हणून पडून असणाऱ्या शेगडीच्या नळ्या पुन्हा जोडण्याआधी साफ करवून घ्याव्यात, हे मिस्त्री येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, आणि ते मीही येथे तितक्याच कळकळीने सांगतो.

नळ्या साफ झाल्यावर पितळेचे बर्नर चिंचेच्या कोळात बुडवून ठेवण्यात आले. पितळेवर खाऱ्या पाण्याने जो हिरवा कळंक चढतो तो चिंचेतील आम्लाने सुटतो, आणि त्यासाठी बाजारातल्या कोणत्याही द्रावणाची गरज नाही. मात्र चिंचेतून काढल्यावर ते धुण्याकरिता मिस्त्रींनी कोपऱ्यातील झाकलेल्या माठातले पाणी घेतले. विहिरीच्या पाण्याच्या बादलीतले घेतले नाही. कारण विचारावे लागले नाही. तेवढ्यात मिस्त्रींनी दुसऱ्या एका दुरुस्त शेगडीचा बर्नर पेटवला आणि बादलीतल्या पाण्यात बोटे बुडवून ज्योतीवर शिंतोडे उडवले. निळ्या ज्योतीत क्षणात नारिंगी-पिवळ्या जिभा उठल्या आणि विझल्या. मग माठातल्या पाण्याचे शिंतोडे. ज्योत किंचित फुरफुरली, पण तिचा रंग जवळपास ढळला नाही.

हा प्रयोग पाहताना मला अत्यंत आनंद झाला, कारण त्यामागे एक मोठी परंपरा आहे आणि ती या मिस्त्रींना ठाऊक नसूनही त्यांच्या हातून अखंड चालली आहे. मिठात सोडियम असते, आणि सोडियम ज्योतीत गेले की ती ठरावीक पिवळ्या रंगाचा प्रकाश देते. बुन्सेन व त्यांचे सहकारी किर्खोफ या दोघांनी त्याच बर्नरच्या निळ्या, जवळजवळ रंगहीन ज्योतीचा उपयोग करून निरनिराळ्या क्षारांचे रंग तपासले आणि १८६० मध्ये डर्कहाइम येथील खनिज झऱ्याच्या पाण्यातून सीझियम हे तोवर अज्ञात असलेले मूलद्रव्य शोधून काढले. पूर्णेच्या खोऱ्यातील विहिरीचे पाणी संग्रामपूरच्या ओट्यावर ज्योतीत शिंपडून जे पाहिले जाते ते तत्त्वतः तेच परीक्षण होय. आणि त्याचा व्यवहारात उपयोगही मोठा आहे. कारण शेगडीची ज्योत दोन भिन्न कारणांनी पिवळी होते: एक, हवा कमी पडल्याने, आणि दोन, बर्नरवर उतू गेलेल्या खाऱ्या पाण्याचा क्षार साचल्याने. पहिल्या प्रकारात ज्योतीचा शेंडा स्थिर, लांब आणि मऊ पिवळा असतो व पातेल्याच्या बुडाला काजळी धरते. तिथे दोष जेटमध्ये किंवा झरोक्यात असतो. दुसऱ्या प्रकारात नारिंगी रंग मधूनमधून लवतो, नाचतो, पण पातेले काळे होत नाही. ज्याला हा भेद कळत नाही तो कारागीर नारिंगी ज्योत पाहून जेटमध्ये सुई घालतो, छिद्र मोठे करून ठेवतो, आणि मग चांगल्या शेगडीला खरोखरच कायमची काजळी लावून देतो. छिद्र साफ करण्यासाठी मिस्त्रींपाशी केसाएवढ्या तारेची खास पिन आहे. कपडे शिवायची सुई ते कोणालाही जेटला लावू देत नाहीत.

कॉकचे, म्हणजे बटणाने फिरणाऱ्या तोटीचे, काम थोडक्यात सांगता येईल. अत्तराच्या कुपीला जसे घासून बसवलेले काचेचे बूच असते तसा कॉकमध्ये पितळेचा निमुळता दांडा त्याच मापाच्या खोबणीत बसलेला असतो, आणि दोहोंमध्ये ग्रीसचा जो पातळ थर तोच वायूला अडवून धरतो. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तो थर वाळला म्हणजे बटण जड फिरू लागते, आणि घरातली मंडळी त्यावर खाण्याच्या तेलाचा थेंब सोडतात, जे तेल पुढे चिकट होऊन बटण आणखीच धरते. मिस्त्रींनी जुना थर रॉकेलने पुसून उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बोटाच्या पेराने, छिद्रात जाणार नाही अशा बेताने लावले, दांडा बसवला, फिरवून पाहिला, आणि पुन्हा काढून पुन्हा लावला. दोन वेळा पाहिल्याशिवाय कॉकची खातरजमा होत नाही, असा त्यांचा नियम आहे.

शेगडीच्या अंगावरील गंजाविषयी ते जरा कठोर होते. खारपाणपट्ट्यातला गंज वरवर पसरत नाही, तो आत उतरतो; मिठातील क्लोराइड साध्या लोखंडाचे पापुद्रे काढते आणि स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादावरही सुईने टोचल्यासारखी भोके पाडते. तारेच्या ब्रशाने आणि काचपेपरने खरवडून पत्र्याची झळाळी दिसू लागल्यावर मिस्त्रींनी अंगठ्याने त्यावर दाब देत देत सर्वत्र चाचपले. पत्रा दबला असता तर काम तेथेच थांबले असते. तो दबला नाही, म्हणून रेड ऑक्साइडचे अस्तर आणि त्यावर, बर्नरांच्या भोवती तरी, उष्णता सहन करणारा चंदेरी रंग असा क्रम ठरला. साधा तैलरंग बर्नरशेजारी जळतो, त्याचा धूर अन्नात जातो, आणि वर्ष संपायच्या आत पत्रा पुन्हा उघडा पडतो.

आता बटणांकडे वळतो, कारण मला ज्या कामाचे सर्वांत अधिक कौतुक वाटले ते तेच.

उजवे, वितळलेले बटण मिस्त्रींनी बाजूला टाकले आणि डाव्याच्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या कडेवर तापवलेल्या सुईचे टोक टेकवले. सुई आत शिरली नाही. बारीकसा चटका बसून जो वास आला तो जुन्या दवाखान्यातील कार्बोलिकचा. म्हणजे ते बेकेलाइट. मूळचे बेल्जियन रसायनतज्ज्ञ बेकलंड यांनी अमेरिकेत १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून हे द्रव्य बनवले, आणि एकदा साच्यात घट्ट झाले की ते पुन्हा कधीही वितळत नाही. म्हणून विजेची बटणे, कुकरचे दांडे आणि शेगड्यांच्या मुठी यांसाठी जगभर त्याला मागणी आली. टाकून दिलेल्या बटणाला तीच सुई लावताच ती लोण्यात उतरावी तशी आत गेली. पूर्वी कोणी तरी मूळ बटण हरवल्यावर साध्या, उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचे बटण बसवून दिले होते, आणि जाळाने ते वितळले ते यामुळेच. त्याच्या जागी मिस्त्रींनी जुन्या भंगारातील बेकेलाइटचे, आकाराने जुळणारे पण रंगाने मुळीच न जुळणारे, विटकरी झाक असलेले बटण शोधून काढले. म्हणजे आता एक निस्तेज काळे आणि एक विटकरी अशा दोहोंना एका रंगावर आणायचे होते.

काळ्या बेकेलाइटचे तेज जाते कसे हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्यातील राळेत लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला असतो. ऊन, वाफ, सोडा आणि तारेची घासणी यांनी वरची राळ झिजली की तो भुसा उघडा पडतो, आणि आपल्याला दिसणारा तपकिरी राखी रंग हा बहुतांशी त्याचाच असतो. तेव्हा रंग गेला असे म्हणण्यापेक्षा वरची कातडी गेली असे म्हणणे अधिक यथार्थ होय. अशा ठिकाणी रंगाचा थर चढवण्याची घाई मिस्त्री करीत नाहीत. त्यांनी काळे बटण साबणाने धुऊन, सुकवून, बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून त्यावर फिरवला, आधी ६०० क्रमांकाचा आणि मग १००० चा. धूळ पुसली, आणि त्यावर जवसाचे उकळलेले तेल फडक्याने चोळले.

जवस हे आमच्या विदर्भाचे जुने रब्बी पीक, निळ्या फुलांचे. त्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जात नाही असे घर सापडणे कठीण. जवसाचे तेल बहुतेक खाद्यतेलांप्रमाणे कायम ओले राहत नाही, हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि त्याचा एक पातळ, चिवट पापुद्रा बनतो. चित्रकारांचे तैलरंग आणि सुतारांचे वार्निश याच गुणावर शतकानुशतके चालत आले. बेकेलाइटच्या उघड्या पडलेल्या भुशात ते तेल मुरले तसतसे माझ्या डोळ्यांदेखत राखी रंग मागे हटू लागला आणि त्याच्या जागी आतून उमलल्याप्रमाणे खोल काळेपण आले. वर उरलेले तेल मिस्त्रींनी अगदी निपटून पुसले, कारण जाड थर चिकट राहतो. बटण सावलीत सुकत ठेवले. आणि ते तेलकट फडके लगेच पाण्याच्या डब्यात टाकले. या शेवटच्या कृतीकडे वाचकांनी दुर्लक्ष करू नये. जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात पडले तर सुकताना निर्माण होणारी उष्णता आतल्या आत साठून ते आपोआप पेट घेऊ शकते. त्याच तेलाचा एक पुसट हात मिस्त्रींनी वांगे भाजण्याच्या बिडाच्या जाळीलाही दिला आणि ती जाळी बर्नरवर धूर संपेपर्यंत तापवली, त्यामुळे तिच्यावर गंज अडवणारा काळा लेप धरला.

विटकरी बटणाला मात्र तेल पुरणार नव्हते. तेथे रंगच द्यावा लागला. त्यासाठी त्याचा गुळगुळीतपणा ४०० च्या पेपरने मोडला, स्पिरिटने हाताचा तेलकटपणा काढला, आधी प्रायमर आणि मग फवाऱ्याच्या डब्यातून वीतभर अंतरावरून काळा रंग, एका जाड हाताऐवजी तीन विरळ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये बोटाच्या पाठीला रंग लागेनासा होईपर्यंत थांबून. ऋतूचा आणि प्रहराचा विचार येथे कटाक्षाने केला जातो. श्रावणातील दमट हवेत रंगाच्या थरावर पांढुरकी झाक धरते म्हणून त्या दिवसांत मिस्त्री रंगकाम हातीच घेत नाहीत; आणि वऱ्हाडातील वैशाखाच्या दुपारी रंगाचे तुषार वस्तूवर पोहोचण्यापूर्वीच हवेत सुकतात व पृष्ठभाग खरखरीत होतो म्हणून उन्हाळ्यात ते काम सकाळी, ऊन चढण्याआधी उरकले जाते. शेवटी दोन्ही बटणांवर कोरलेल्या खाचांत काडीच्या टोकाने पांढरा एनॅमल भरून वरचा जादा रंग पुसण्यात आला, आणि बंद, मोठा व बारीक या तीन खुणा पुन्हा स्पष्ट झाल्या. ज्या बाईंच्या डोळ्यांना आता कमी दिसते त्यांना गॅस बंद आहे की नाही हे ओट्यापासून हातभर अंतरावरून कळावे, ही गोष्ट शोभेच्या सदरात टाकणे मला अन्यायाचे वाटते. बसवण्याआधी मिस्त्रींनी आणखी एक पाहिले, ते म्हणजे बटणाच्या पाठीचे सपाट बाजूचे भोक. ते झिजलेले असेल तर बटण फिरते आणि आतला कॉक जागच्या जागी राहतो. अशा बटणाला कितीही सुंदर रंग दिला तरी ते फेकूनच द्यायचे.

दोन वस्तू अशा होत्या की ज्यांच्या दुरुस्तीचा विचारही झाला नाही. एक नळी. तिच्यावरची छापील तारीख उलटून गेली होती. पाच वर्षांनी नळी बदलायची हा नियम आहे, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या रबरात वाकवताच बारीक भेगा दिसल्या. मिस्त्रींनी ती कापून तिचे दोन तुकडे केले, जेणेकरून दुसरे कोणी ती उचलून वापरू नये. दुसरी रेग्युलेटर, तो उघडायचा नाही, एजन्सीकडून बदलून आणायचा. जीर्णोद्धार करणाऱ्याला काय वाचवायचे हे जितके कळावे लागते तितकेच काय मुळीच वाचवायचे नाही हेही कळावे लागते, आणि या बाबतीत मिस्त्री गिऱ्हाइकाच्या गरिबीकडे पाहूनही सवलत देत नाहीत; मजुरी कमी घेतात, पण जुनी नळी परत जोडत नाहीत.

टाकी जोडल्यावर काडी ओढण्याअगोदर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावण्यात आला. वाटीभर पाण्यात साबण, एक जुना दाढीचा ब्रश, आणि सांध्यावर टक लावून बसलेले मिस्त्री. फेसात बुडबुडा फुगतो की काय एवढेच पाहायचे. आगकाडी फिरवून गळती शोधण्याचा अघोरी प्रकार अजूनही कोठे कोठे चालतो आणि त्याने घरे जळालेली आहेत. गळती असलीच तर टाकी बंद करून, दारे उघडून १९०६ या क्रमांकावर कळवावे, हे त्यांच्या दुकानाच्या फळीवर खडूने लिहून ठेवलेले आहे. बुडबुडा आला नाही. दोन्ही बर्नर पेटले, ज्योती आखूड, निळ्या आणि छिद्रांच्या तोंडाशी घट्ट बसलेल्या.

बाई परत आल्या तेव्हा त्यांनी आधी जाळी हातात घेऊन पाहिली, मग बटणे दोन-तीनदा फिरवली आणि पांढऱ्या खुणांवरून अंगठा नेला. मिस्त्रींनी नळीची तारीख त्यांना वाचून दाखवली आणि म्हणाले, "मावशी, आता हिले खाऱ्या पान्यानं धुत जाऊ नका. गोड्या पान्यानं पुसा."

"गोडं पानी आमाले प्याले पुरत नाही भाऊ," बाई म्हणाल्या. "शेगडीले कुठून आनू?"

मिस्त्री क्षणभर थांबले. मग त्यांनी एक कोरडे सुती फडके काढून त्यांच्या पिशवीत टाकले, आणि उतू गेले की आच विझवून, शेगडी थंड झाल्यावर लगेच कोरड्या फडक्याने टिपायचे, पाणी अजिबात लावायचे नाही, आणि आठवड्यातून एकदा जाळीवर जवसाच्या तेलाचे बोट फिरवायचे, असे दोनदा समजावून सांगितले. बाईंनी ते तसेच्या तसे म्हणून दाखवले, मजुरीचे पैसे मोजून दिले, आणि पातुर्ड्याची गाडी सुटायच्या बेतात असल्याने शेगडी पोत्यात बांधून देण्याची घाई केली.